मुलुंड ते बोरिवली, सरळ

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, या भूतलावर रस्ते दोनच प्रकारचे असतात, खरे आणि खोटे. आणि कोणता रस्ता कोणत्या प्रकारात मोडतो याचा अंतिम निकाल देण्याचा अधिकार मुलुंड पश्चिमेला, डोंगराकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे आहे. हा अधिकार त्यांना कोणी दिला असं विचारू नये. मी एकदा विचारलं होतं. तेव्हापासून मला दुसऱ्यांदा आमटी वाढायची की नाही यावर त्या घरात विचार होऊ लागला. हे गृहस्थ माझे साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लग्न ठरवताना माणूस सासू-सासरे बघतो, मेहुणे बघतो, जमलं तर मुलगीही बघतो. साडू मात्र न बघताच पदरात पडतो. माझ्या पदरात पडले ते हे.

आता हे रस्ते म्हणजे आपल्या पायाखालचे नव्हेत. मोटारींच्या शर्यतीचे जे व्हिडिओ गेम असतात त्यातले. त्या खेळांत गाडी पळवायला दोन तऱ्हेचे ट्रॅक मिळतात, हे ज्ञान मला साडूंमुळे पन्नाशीत प्राप्त झालं. एक तऱ्हा जगात कुठेतरी खरोखर असलेल्या ट्रॅकची. जर्मनीच्या जंगलातला, बेल्जियममधला तो चढणीचा, जपानमधला स्वतःच्याच अंगावरून पुलाने पलीकडे जाणारा. हे म्हणे इंच न् इंच मोजून खेळात उतरवलेले असतात. दुसरी तऱ्हा कुणीतरी बसल्याबसल्या डोक्यातून काढलेल्या रस्त्यांची. ढगांवरून जाणारा, ज्वालामुखीच्या पोटातून जाणारा, आइस्क्रीमच्या डोंगरावरून घसरत खाली येणारा. जगभरची पोरं दोन्हींवर सारख्याच आनंदाने गाड्या आपटतात. साडू फक्त पहिल्या तऱ्हेवर चालवत. दुसरीचा उल्लेख ते 'तसले रस्ते' असा करत, आणि करताना आवाज खाली आणत.

याला कारण होतं. साडू एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. साहेबांनी सांगायचं आणि यांनी कागदावर रस्ता आखायचा, यात त्यांची हयात गेली. अक्षर मोत्यासारखं, रेघ केसासारखी, आणि आखलेले निम्मे रस्ते अजूनही कागदावरच. कल्याणच्या बाजूला एका गावाबाहेर त्यांनी एक झकास वळण आखलं होतं. त्या एका वळणावर अख्खा पावसाळा गेला, असं ते सांगत. रस्ता झालाच नाही. तिथे पुढे मंगल कार्यालय झालं. आमच्या नात्यातलं एक लग्न नेमकं त्याच कार्यालयात निघालं, तेव्हा साडू पंगतीत बसून डाव्या-उजव्या बाजूच्या अनोळखी माणसांना शांतपणे सांगत होते, "आपण आत्ता डिव्हायडरवर जेवतोय." वऱ्हाडाला वाटलं माणूस प्यायलेला आहे. मला वाटलं विनोद करतायत. त्यांनी जिलबीला हातसुद्धा लावला नाही, तेव्हा कळलं की विनोद नव्हता. नसलेले रस्ते या माणसाने जन्मभर पाहिले होते. आता म्हातारपणी, करमणूक म्हणून, आणखी नसलेले रस्ते कशाला बघायचे?

खेळायची सामग्री त्यांनी ताईंच्या शिलाई मशीनवर मांडली होती. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची बहीण, म्हणून माझीही ताई. मशीनच्या फळीला प्लॅस्टिकचं स्टिअरिंग आवळलेलं, खाली मशीनचं पायडल आणि त्याच्या शेजारी गाडीची दोन. बेल्जियमच्या उतारावर ब्रेक समजून त्यांनी एकदा मशीनचंच पायडल दाबलं. गाडी भिंतीवर जाऊन आपटली आणि ताईंच्या अर्ध्या शिवलेल्या ब्लाउजची बाही गळ्याला शिवली गेली. दसऱ्याला त्या स्टिअरिंगची यथासांग पूजा होई. झेंडूची माळ, हळद-कुंकू, आपट्याचं पान. पहिल्या वर्षी मात्र पेच पडला. नवी गाडी म्हटल्यावर चाकाखाली लिंबू चिरडायला हवं आणि या गाडीला चाकंच नाहीत. साडूंनी बराच विचार करून ते लिंबू खुर्चीच्या पायाखाली ठेवलं आणि मला म्हणाले, "बसा घाटकोपरकर, वजन तुमचं जास्त." मी घाटकोपरला राहतो म्हणून घाटकोपरकर. माझं खरं आडनाव त्यांना ठाऊक असावं, पण पुरावा नाही. मी बसलो. लिंबू फुटलं आणि गाडी शुभ झाली.

एवढं करून चालवत कसे म्हणाल, तर लग्नाच्या वरातीत नवरदेवाची गाडी चालवावी तसे. मागून कोणी आलं की "जा बाबा, तुला घाई दिसते," म्हणून बाजूला होत. वळायच्या आधी हात बाहेर काढून दाखवत. तो हात बहुतेक वेळा माझ्या चहाच्या कपाला लागे. त्या खेळात हॉर्न नव्हता, म्हणून स्वतः तोंडाने वाजवत. शर्यतीत कितीही गाड्या असोत, साडू शेवटचे, आणि त्याचं त्यांना काही नव्हतं. ते शर्यतीला आलेलेच नसत, रस्ता बघायला आलेले असत. "हं, आता उजव्या हाताला दऱ्या बघा," असं मला सांगत. पासपोर्ट कोरा, पण मोनॅकोच्या गल्ल्या त्यांना मुलुंडच्या गल्ल्यांपेक्षा जास्त ठाऊक. आणि या माणसाला खरी गाडी चालवता येत नाही. लायसन्सच काढलं नाही कधी. विचारलं तर म्हणत, "मुंबईत गाडी चालवायची म्हणजे काय चालवायची, घाटकोपरकर? थांबवायचीच ना?"

खऱ्या रस्त्यांवरची त्यांची श्रद्धा आंधळी नव्हती. उपग्रहाच्या नकाशावर ते एकेक वळण तपासून घेत. जर्मनीच्या ट्रॅकवर एका वळणापाशी खेळात एक मोठं झाड होतं, ते नकाशात सापडेना. साडूंची झोप उडाली. त्यांच्याच इमारतीतला एक मुलगा तिकडे नोकरीला होता. त्याला यांनी फोन केला, की सुट्टीच्या दिवशी जरा तिकडे चक्कर मारून झाड आहे की नाही एवढं बघून ये. मुलगा मुलुंडचा, संस्कारी, गेला बिचारा. त्याने कळवलं की झाड वादळात पडलं, आता नुसता बुंधा आहे. मला वाटलं साडू आता कंपनीला चूक दाखवणार. त्यांनी काहीच केलं नाही. फक्त त्या वळणावर आले की वेग आणखी कमी करत, आधीच नसलेल्या वेगातून.

ताईंनी या सगळ्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. पडद्याकडे पाठ करून त्या भाजी निवडत. नवऱ्याला 'टीव्हीचे ड्रायव्हर' म्हणत. साडू कधी उत्साहात येऊन "अगं बघ तरी, कुठे आलोय," म्हणाले, तर त्या मान न वळवता म्हणायच्या, "आहात तिथेच आहात. टीव्हीतून कुठे जाता येतं होय? जायचं असलं तर रिक्षा बोलवा."

आणि आता आक्का. ज्यांच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो आणि ज्यांच्यापर्यंत पोचायला एवढा उशीर लावला, त्या आक्का.

आक्का साडूंच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली तेव्हा आक्कांनीच धाकट्या भावाला काखोटीला मारून वाढवलं. साडूंना 'बाबू' म्हणणारं जगात ते एकच माणूस. लग्न होऊन बोरिवलीला गेल्या आणि तिथेच राहिल्या, पूर्वेला, जंगलाच्या कडेशी. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये एक डोंगर आहे. साडूंच्या खिडकीतून पश्चिमेला जो दिसतो तोच आक्कांच्या स्वयंपाकघरातून पूर्वेला दिसायचा. कावळा इकडून उडाला तर चहा निवायच्या आत तिकडे पोचेल. माणसाला मात्र ठाण्याला जाऊन, घोडबंदरचा अख्खा वळसा घालून जावं लागतं, नाहीतर खालून पवईकडून, आणि दोन्हीकडे वाट लागलेलीच असते. या डोंगरातून सरळ रस्ता होणार, हे साडू नोकरीला लागल्यापासून ऐकत होते. तरुणपणी एकदा साहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी स्वतःच तशी एक रेघ ओढली होती, मुलुंडहून डोंगराच्या पोटातून थेट बोरिवली. त्या संध्याकाळी ते धावत आक्कांकडे गेले आणि कॅलेंडरच्या पाठीवर काढून दाखवलं, "आक्का, तुझ्या घरापर्यंत सरळ रस्ता काढलाय बघ." साहेब बदलले, रेघ कपाटात गेली. आक्का विसरल्या नाहीत. पुढे कधीही साडूंना पोचायला उशीर झाला की विचारायच्या, "काय रे बाबू, कुठून आलास? तुझ्या रस्त्याने?"

खेळ साडूंच्या घरात आला तोही आक्कांमुळेच. त्यांचे गुडघे गेले, यांचंही जाणं कमी झालं, तेव्हा आक्कांच्या मुलाने दोन सारखी यंत्रं आणली, एक आईला, एक मामाला. घरी बसून दोघांनी एकाच रस्त्यावर गाड्या चालवायच्या आणि चालवता चालवता बोलायचं. दुपारची जेवणं झाली की बोरिवली आणि मुलुंड एकमेकांना जोडली जायची. आणि भांडणाला सुरुवात व्हायची, कारण आक्कांना फक्त 'तसले' रस्ते आवडायचे. ढग, ज्वालामुखी, आइस्क्रीम. मास्तरणीची नोकरी केलेली बाई, पण गाडी अशी चालवायची की मला खुर्चीत बसून घाम फुटायचा. "खरे रस्ते बघायला मी घोडबंदरला जाते की," त्या म्हणायच्या. शेवटी तह झाला, एक दिवस हिच्या पसंतीचा रस्ता, एक दिवस ह्याच्या. ह्याच्या दिवशी आक्का जांभया देत जिंकायच्या. हिच्या दिवशी साडू काय करत, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ढगांवरच्या रस्त्यावर, सगळ्या गाड्या पुढे गेलेल्या असताना, त्यांनी आपली गाडी मधोमध उभी केली होती.

"थांबलास का रे?" स्पीकरमधून आक्कांचा आवाज.

"आक्का, या रस्त्याला गटार नाही."

"मेल्या, ढगावर आहोत आपण."

"असू दे. पडलेलं पाणी जाणार कुठे?"

"खाली. मुलुंडला," आक्का म्हणाल्या, आणि जिंकल्या.

मी हसून हसून गडाबडा लोळलो होतो. ताईसुद्धा पाठमोऱ्या हसल्या असाव्यात, कारण भाजीची सुरी थांबली होती. आता तो प्रसंग मी कुणाला सांगायला लागलो की मधेच माझा सूर जातो, म्हणून हल्ली सांगत नाही. लिहिताना सूर गेलेला दिसत नाही, एवढी एक सोय आहे.

भाऊबीजेचं सांगतो. त्या दिवशी मुलुंडच्या ताई आणि माझी बायको आपल्या भावाला ओवाळायला आमच्या घरी जमत. मला सख्खी बहीण नाही, म्हणून मी साडूंबरोबर बोरिवलीला जायचो आणि आक्का मलाही ओवाळायच्या. 'फुकटचा भाऊ' म्हणायच्या मला, आणि करंज्या मात्र मलाच जास्त द्यायच्या. भाऊ येऊन ओवाळून होईपर्यंत आक्का जेवत नसत. नुसत्या चहावर राहायच्या. आणि आमचा तर दर वर्षी उशीर ठरलेला. भाऊ आला नाही तर बायका चंद्राला ओवाळतात, ही रीत आपल्याला ठाऊक आहे. आक्कांनी तिचा धाक करून ठेवला होता. द्वितीयेचा चंद्र तो, नखाएवढा, संध्याकाळी दिसतो न दिसतो तोच मावळतो. आम्ही घोडबंदरला अडकलो की त्यांचा फोन यायचा, "बाबू, गॅलरीत तबक घेऊन उभी आहे हं. तो मावळायच्या आत आलास तर तुझा मान, नाहीतर त्याचा." मग साडू टॅक्सीच्या खिडकीतून आकाशाकडे आणि ड्रायव्हरच्या मानेकडे आळीपाळीने बघत. आणि दर वर्षी कसेबसे आम्ही पोचायचो. धापा टाकत वर जायचो, आक्का दार उघडून आधी चंद्राकडे बघायच्या, मग आमच्याकडे, आणि म्हणायच्या, "पास झालात. काठावर."

त्या खेळात आपल्याला हवा तसा रस्ता स्वतः बांधायची सोय होती. साडूंच्या दृष्टीने तर हा अधःपाताचा कळस. निदान कंपनीचे लोक पगार घेऊन खोटे रस्ते काढतात. हौसेने कोण काढेल? आक्कांनी काढला. आजारी पडल्या, अंथरूण सुटेना, मग रोज थोडा थोडा बसल्याबसल्या बांधत गेल्या, आणि एक दिवस तो साडूंच्या यंत्रावर पाठवून दिला. यादीत सगळ्यात वर त्याचं नाव यायचं, 'मुलुंड ते बोरिवली, सरळ'.

"तू कॅलेंडरवर काढला होतास तसाच आहे. ये एकदा," आक्का म्हणाल्या.

साडू यादीत ते नाव ओलांडून खाली जर्मनीवर गेले. मी शेजारीच होतो. म्हणाले, "तो रस्ता नाहीये, आक्का."

"मी केलाय ना."

"तू केलास म्हणून होत नाही. मी पण केला होता."

त्या दिवशी जर्मनीच्या जंगलात दोन्ही गाड्या हळूहळू, एकामागे एक गेल्या. पुढे रोज आक्का एकदा म्हणायच्या, "आज माझ्या रस्त्याने ये ना," आणि रोज साडू म्हणायचे, "खरा होऊ दे, येतो." डोंगराखाली काम सुरू झाल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. साडू त्या मोठ्याने वाचून दाखवत. त्यांना मनापासून वाटत होतं की आक्कांना खऱ्या रस्त्यावरून आणायचं, टीव्हीच्या नाही. थोडं थांबायचंय फक्त. आजारी माणसाला थांब म्हणू नये, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मला वाटत होतं दोघं नेहमीसारखी भांडतायत.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला आम्ही मुद्दाम लवकर निघालो. सकाळीच आक्कांच्या मुलाचा फोन आला होता, की आई हट्टाने उठून बसलीय. घोडबंदरच्या घाटात एक मोठा कंटेनर आडवा झाला होता. पुढे हलायची सोय नाही, मागे वळायची नाही. दुपार गेली. साडू उतरून पुढे चालत जाऊन बघून येत आणि पुन्हा टॅक्सीत बसत. मी माझ्या स्वभावाप्रमाणे दोन-चार विनोद केले, ते त्या टॅक्सीतच पडून राहिले. ऊन उतरलं. आक्कांचा फोन आला, आवाज अगदी बारीक. ड्रायव्हरने इंजीन बंद केलेलं होतं, म्हणून मलाही ऐकू आलं.

"माझ्या रस्त्याने आला असतास तर एव्हाना जेवून आडवा झाला असतास."

साडूंनी बाहेर बघितलं. ट्रकांच्या वर, डोंगराच्या कडेला, चंद्राची कोर आली होती.

"आक्का, तुझा रस्ता खोटा आहे गं," ते म्हणाले. पण या वेळी त्यात निकाल नव्हता. आई, मला हात पुरत नाही, असं लहान मूल म्हणतं तसं म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा कोर मावळून गेली होती. गॅलरीत खुर्ची होती, तिच्यावर शाल, आणि स्टुलावर तबक. त्यातलं निरांजन विझलेलं. आक्का आत पडल्या होत्या. त्या जेवलेल्या नव्हत्या. डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, मुलाने विनवण्या केल्या होत्या, तरी नाही. साडू पायापाशी जाऊन बसले. आक्कांनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चंद्राला ओवाळलं रे. वेळेवर येतो बिचारा." मग साडूंच्या हातून चार घास मऊ भात खाल्ला. मला खुणेने करंज्यांचा डबा दाखवला. निघताना साडूंना म्हणाल्या, पुढच्या वर्षी लवकर निघा.

थंडी संपायच्या आत आक्का गेल्या. बोलावणं आलं तेव्हा आम्ही लगेच निघालो होतो. कुठल्या रस्त्याने आणि पोचलो तेव्हा काय झालेलं होतं, हे सांगायची गरज नाही.

त्यानंतर साडूंनी खेळ बंद केला. स्टिअरिंगवर ताईंनी उशीचा जुना अभ्रा चढवून ठेवला. जर्मनी, बेल्जियम, मोनॅको, सगळं त्या अभ्र्याखाली गेलं. दुपारची जेवणं झाली की साडू चपला घालून डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत जात. तिथे पत्रे मारून काम चाललं होतं. पत्र्यांना एक फट होती, तिथून बघत उभे राहत. रखवालदाराशी त्यांची ओळख झाली होती. तो रोज सांगायचा, होईल साहेब, होईल. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. एरवी तिथे यंत्रांची तोंडं, उतार, माती यावर त्यांनी मला तासभर ऐकवलं असतं. ते फक्त म्हणाले, "आतून गार वारा येतो बघा." मी फटीला गाल लावला. येत होता खरा.

पुढची भाऊबीज आली. वर्षाच्या आतली म्हणून मुलुंडच्या घरात दिवाळी नव्हतीच. ताईंचा भाऊ दुपारी येऊन साधंच जेवून गेला. माझी बायको आणि ताई आत आवरत होत्या. साडू खिडकीशी उभे होते. मुलुंडहून बघितलं तर भाऊबीजेचा चंद्र डोंगरामागे उतरतो, म्हणजे बरोबर बोरिवलीच्या अंगाला. आम्ही दोघं बघत राहिलो. मला काही सुचत नव्हतं, आणि मला ओळखणाऱ्यांना ही केवढी मोठी बातमी आहे ते कळेल. कोर डोंगराला टेकायला आली, तसे साडू वळले. मशीनपाशी गेले, अभ्रा काढला, घडी करून ठेवला आणि म्हणाले, "चला घाटकोपरकर. बोरिवलीला जाऊन येऊ."

यादीत सगळ्यात वर ते नाव होतंच.

त्या खेळात रस्ता बांधायला तयार तुकडे मिळतात, त्यातूनच काय ते निवडायचं. म्हणून साडूंच्या इमारतीच्या जागी स्वित्झर्लंडमध्ये असतं तसलं लाकडी घर होतं. पण त्याच्या खिडक्यांपैकी एकच उजळलेली, तिसऱ्या मजल्यावरची, साडूंचीच. तिथून रस्ता निघाला तो डोंगराकडे. साडू चालवत होते नेहमीसारखे, वरातीतले. पुढे जंगल लागलं. आक्कांना त्या डोंगरातला बिबट्या खेळात मिळाला नसावा, म्हणून त्यांनी झाडीत दोन जिराफ उभे केले होते. साडूंनी त्यांच्याजवळ तोंडाने हॉर्न वाजवला. मग डोंगर, आणि डोंगरात बोगदा. बोगद्याच्या तोंडाशी त्यांनी एकदम गाडी थांबवली. मला वाटलं आता यांच्याने होणार नाही.

ते पडद्याकडे वाकून बघत होते. रस्त्याच्या दोन्ही कडांना निळी, बारीक पट्टी होती. मला ती शोभा वाटली होती. साडू तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "गटार काढलंय तिनं." मग पट्टीवरून बोट मागे नेत, "दोन्ही बाजूंना. घरापासून." ती निळी पट्टी म्हणजे खेळातल्या नदीचे तुकडे होते, एकापुढे एक लावलेले. अंथरुणावर पडून, एकेक तुकडा लावत आक्का मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आल्या होत्या, कारण भाऊ आला तर पहिलं तेच विचारणार होता.

साडूंनी चष्मा पुसला आणि गाडी बोगद्यात घातली. पलीकडे निघालो तेव्हा संध्याकाळ होती. आक्कांनी वेळ संध्याकाळचीच लावून ठेवली होती, आणि आकाशात कोर होती. खेळातली कोर मावळत नाही. आणखी एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली. एवढ्या लांब रस्त्यावर आम्हाला ओलांडून कोणी गेलं नव्हतं. आक्कांनी त्या रस्त्यावर दुसरी एकही गाडी ठेवली नव्हती.

शेवटी त्यांची इमारत आली. म्हणजे परीकथेतला असतो तसा एक गुलाबी किल्ला होता, पण त्याला गॅलरी होती. खाली शर्यत संपल्याची चौकटी-चौकटीची पट्टी. साडूंनी गाडी तिच्या अलीकडे उभी केली. पट्टी ओलांडली की शर्यत संपते, पडदा बदलतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर. गाडी नुसती घुरघुरत होती. इकडे खिडकीबाहेर खरा चंद्र डोंगरामागे गेला होता.

मागे चाहूल लागली म्हणून वळून पाहिलं. ताई उभ्या होत्या. हात ओले, पदर खोचलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या पडद्याकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी एकदा त्या किल्ल्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या पाठीकडे, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अहो, असे दारात काय थांबलात? जा ना वर. तुम्ही गेल्याशिवाय आक्का जेवायच्या नाहीत."